अर्धं पाऊल

वाफेचा व्हॉल्व्ह उघडण्याआधी जाधवकाका अर्धं पाऊल डावीकडे सरकले. यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिणं हे माझं काम. उभा जन्म बॉयलरपाशी काढलेल्या काकांना विचारून विचारून मी एकेक कृती उतरवून घेत होते.

“काका, तुम्ही बाजूला का झालात?”

“मी? कुठे झालो?” ते हसले. मग स्वतःच्याच पायांकडे बघत राहिले. “अगं, हो की! समोर उभं राहायचंच नाही. वाफ अंगावर आली तर माणूस जागीच भाजतो. एवढं तर कळतंच ना कुणालाही!”

काकांनी माझ्यापासून काहीच लपवलं नव्हतं. त्यांच्या पायांना जे ठाऊक होतं, ते त्यांच्या तोंडाला ठाऊक नव्हतं. आणि मी तर आजवर तोंडांनाच विचारत आले.

‘समोर उभं राहायचं नाही’ हे वाक्य मी लाल अक्षरांत लिहिलं. पण याआधीची पुस्तकं मी फोनवर विचारून लिहिली आहेत, कुणाचेही पाय न बघता. त्यातलंच एखादं उघडं धरून, या क्षणी कुठेतरी कुणी नवखा माणूस, मी लिहिलंय अगदी तस्संच करत, व्हॉल्व्हच्या समोर उभा असेल.