दारातली गिरणी

मला लिहू नको असं कुणीच म्हणालं नाही, हीच माझी पंचाईत झाली. सासर औरादचं, घरी शेती आणि बाजारात किराणा दुकान. माझी पहिली कथा एका दिवाळी अंकात छापून आली तेव्हा सासऱ्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, घरचं आवरून काय लिहायचं ते लिही. घरचं कधी आवरतं का?

राज्य म्हैसूरचं झालं होतं, कचेरीत कन्नड आलं होतं, चुलीपाशी मात्र मराठीच होती. पण चुलीपाशी कागद कोण धरू देतं? मला जागा मिळाली ती दळणाच्या गिरणीत. गावाला गिरणी एकच, बाजारतळापलीकडे, आणि वीज तिच्या मर्जीची. ज्वारीचा डबा रांगेत ठेवायचा, ओट्यावर बसायचं आणि लिहायचं. कुणी विचारलं तर माहेरी पत्र लिहितेय म्हणायचे. माझा नंबर आला की मागच्या बाईला सांगायचे, "तुम्ही व्हा फुडं अक्का, मला घाई न्हाई." माझ्या चांगुलपणाचा गावात बोलबाला झाला. घरी उशीर झाला की लाइट गेली होती, एवढंच सांगायचे.

असं करत करत एक कादंबरी निम्म्यावर आली. तिच्यातली बाई नवऱ्याचं घर सोडून हुमनाबादच्या स्टँडवर येऊन बसली होती. ती आता कुठल्या गाडीत बसते, तेवढं ठरायचं राहिलं होतं.

भर उन्हात डोक्यावर डबा घेऊन परतताना यजमानांनी मला कितीदा पाहिलं असेल. त्यांना कीव आली. त्या वर्षी तूर चांगली झाली, आणि त्यांनी आमच्या दारातल्या खोलीतच गिरणी बसवली. नारळ फोडला, यंत्राला हळदीकुंकू लावलं. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं शेजारणी म्हणाल्या. मी सगळ्यांना पेढे वाटले. तिकडचा ओटा सुटला होता, पण तक्रार तरी काय करायची? माझी पायपीट वाचवली म्हणून?

मग गिरणी चालवायचं काम माझ्याकडंच आलं. पापण्यांवर पीठ, कानात दिवसभर घरघर. त्यात एक वाक्य धड जुळत नसे. अंथरुणाला पाठ टेकली की डोळे मिटायचे. दळण घेऊन आलेल्या बायका आमच्या ओट्यावर निवांत बसायच्या, आणि मला त्यांचा हेवा वाटायचा.

काही वर्षांनी जेवताना यजमानांनी सहज विचारलं, "आताशा लिहीत न्हाईस, कामून?" विचारण्यात खोट नव्हती. माझी कथा दुकानात गिऱ्हाइकांना दाखवणारा माणूस तो.

"सुचंना गेलंय," मी म्हणाले.

त्यांना वाईट वाटलं, आणि पटलंही. पुढं पुढं मलाही तेच खरं वाटायला लागलं.