काकूंनी पाणी ठोकून काढलं

काकूंच्या पार्लरला पाटी नव्हती. घराच्या पुढच्या खोलीत एक लांबट आरसा, दोन फिरत्या खुर्च्या, मान टेकायला खोलगट बेसिन आणि काकूंचा आवाज, एवढंच. तो आवाज कोपऱ्यापर्यंत जायचा, त्यामुळे पाटीवाचून काही अडलं नाही. पोरवयात त्यांनी दुसऱ्याच्या दुकानात कापलेले केस झाडण्यापासून सुरुवात केली होती. आता गल्लीतल्या निम्म्या बायकांची डोकी त्यांच्या हाताखालून जात. हात असा, की डोकं धुवायला बसलेली बाई बोलता बोलता पेंगायला लागे.

दुखणं एकच होतं, पाणी. नळाला ते लहर येईल तेव्हा यायचं आणि लहर येईल तेव्हा जायचं. एकदा ते नेमकं गेलं, तेव्हा बेसिनमध्ये शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचं डोकं होतं, फेसानं भरलेलं. टाकीतही खडखडाट. काकूंनी त्या डोक्याला टॉवेल गुंडाळला, बाईंच्या दंडाला धरलं आणि गल्ली ओलांडून त्यांना थेट समोरच्या शिंप्याच्या घरी नेलं, तिथे पाण्याचं पिंप कायम भरलेलं असायचं. वाटेत शाळेतली पोरं भेटली. "नमस्ते बाई," पोरं म्हणाली. डोळ्यांत साबण गेलेला असूनही बाईंनी मान ताठ ठेवून "नमस्ते" म्हटलं.

त्या दिवशी जेवताना काकूंनी जाहीर केलं, "मी मागच्या अंगणात हातपंप ठोकणार."

"ठोकणार म्हणजे?" काकांनी विचारलं. काका म्हणजे काकूंचे यजमान. नुकतेच कारकुनीतून सुटले होते, आणि आजचं काम उद्या केलं तर काय बिघडतं, असं त्यांचं मत होतं.

"ठोकणार म्हणजे ठोकणार. टोकदार पाइप जमिनीत घालायचा आणि वरून हाणायचा. नळसामानवाला सांगत होता, आपल्याकडे खाली वाळू आहे, पाणी फार खोल नाही."

"त्याला पाइप खपवायचाय."

"आणि मला हवाय. मग झालं तर!"

सामान आलं. सगळ्यात खाली भाल्यासारखं टोक, त्याच्यावर बारीक जाळी. तिच्यातून पाणी आत यायचं, वाळू बाहेर राहायची. वर पाइपचे तुकडे एकावर एक पिळून जोडत न्यायचे. ठोकण्यासाठी एका तोंडानं बंद असलेली जाड लोखंडी नळी होती, तिला दोन्ही बाजूंना मुठी. ती पाइपवर चढवायची, मुठी धरून उचलायची आणि सोडून द्यायची. वजन आपलं काम करतं.

काकूंनी धुण्याच्या दगडाजवळचा कोपरा निवडला, पदर खोचला आणि सुरुवात केली. धप्प, धप्प. पाइप लोण्यात सुरी जावी तसा चालला होता. मग एकदम ठण्ण! हातांतून कळ खांद्यापर्यंत गेली. पुन्हा ठण्ण. खाली मोठा दगड लागला होता, आणि तो काकूंपेक्षा हट्टी निघाला. संध्याकाळी दोघांनी पान्ह्यानं पिळत पिळत पाइप उपसून काढला. दुसऱ्या दिवशी काकूंची बोटं इतकी बधिर, की एका मुलीच्या कपाळावरचे केस तिरके कापले गेले. "हल्ली असेच ठेवतात," काकू म्हणाल्या. मुलगी आरशात बघून खूष झाली, ते वेगळं.

आता जागा कुठली? बाकीच्या अंगणात फरशी. मोकळी माती होती ती फक्त काकांच्या गुलाबांच्या वाफ्यात. काकू त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. चहा करत राहिल्या, आणि तोही नेहमीपेक्षा हळू आवाजात. काकांना ती शांतता सहन होईना. ते खुरपं घेऊन उठले.

"हे एकच झाड हलवतो," ते म्हणाले. "बाकीच्यांना धक्का लागता कामा नये."

"अहो, नाही लागणार!" काकू म्हणाल्या. त्यांनी काकांच्या चहात साखर दोनदा घातली.

आता ठोकायला काकाही होते, पण त्यांना मध्येच दम लागे. त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई केस रंगवायला आल्या होत्या. रंग चढेपर्यंत बसून करायचं काय? त्या मागच्या दारात आल्या, थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सरका जरा."

मग काय विचारता! डोक्याला काळा लेप, गळ्याला प्लास्टिक, आणि बाई मुठी धरून धप्प धप्प करतायत. दुसऱ्या खुर्चीवरची, केसांना चिमटे लावलेली नर्स उठून आली. "माझी पाळी!" शिंप्याची बायको नुसती बघायला आली होती, तिनंही हात मारून घेतला. काका पान्हा घेऊन पाइप जरा जरा पिळत होते, जोड ढिले पडू नयेत म्हणून. सगळ्यांवर हुकूम सोडायची संधी त्यांना जन्मात पहिल्यांदा मिळाली होती.

नर्सच्या हाताखाली पाइप अचानक सरसर खाली गेला. आवाजही बदलला, पोकळ, मऊ. काकूंनी दोरीला वजनासाठी लोखंडी नट बांधून आत सोडला आणि वर ओढला. दोरीचं टोक चांगलं हातभर भिजलं होतं. त्यांनी ती ओली दोरी काकांच्या गालाला लावली.

"गार आहे गं!" काका ओरडले.

वर पंप बसवला, त्याच्या तोंडात तांब्याभर पाणी ओतलं आणि दांडा मारायला घेतला. आधी नुसती घरघर, मग चिखल, मग गढूळ वाळूचं पाणी. काकूंनी दांडा सोडला नाही. हळूहळू धार निवळली आणि बादलीचा तळ दिसायला लागला. "बाई, तुमचा रंग!" नर्सला आठवलं. नुसती पळापळ झाली. बाईंचे केस ठरल्यापेक्षा बरेच काळे झाले होते, पण त्या म्हणाल्या, "राहू दे, छान दिसतायत."

पाणी तपासून घेईपर्यंत काकूंनी ते फक्त धुण्याला वापरलं. अहवाल चांगला आला, तरी प्यायचं पाणी त्या उकळूनच घेतात. ठोकायची नळी मात्र घरात राहिली नाही. आधी शिंपी घेऊन गेला, त्याच्याकडून नर्सनं नेली. परवा काकू कुणाचे तरी केस विंचरत असताना पलीकडच्या अंगणातून धप्प धप्प ऐकू आलं. त्यांनी कंगवा थांबवून कान दिला.

"सरळ धरा रे पाइप!" त्या खिडकीतून ओरडल्या आणि पुन्हा विंचरायला लागल्या.