मापाचा ब्लाऊज

वेणूच्या शिलाई मशीनच्या फळीला एक मोठी खोक होती. गावात नवी सून आली आणि कापड घेऊन वेणूकडे गेली की ती विचारायचीच, ही खोक कशी पडली म्हणून. वेणू दातांनी दोरा तोडायची आणि शांतपणे सांगायची, "नवऱ्यानं फेकलं." पुढचं गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

पनवेलजवळ, पळस्प्याच्या अलीकडे, हायवेला चिकटून वेणूचं गाव. रस्त्यासाठी जमिनी गेल्या, मोबदल्याचे पैसे आले, आणि ज्यांनी उभ्या जन्मात सायकल घेतली नव्हती त्यांच्या दारात मोटारसायकली उभ्या राहिल्या. वेणूच्या नवऱ्याने, बळीरामनेही घेतली. वेणूने मशीन मागितलं. बळीराम हसला, तेव्हा तिने चूल पेटवायचीच सोडून दिली. पोरांना शेजारी जेवायला धाडलं आणि स्वतः ओट्यावर बसून राहिली. शेवटी पनवेलच्या बाजारातून पायाचं मशीन टेम्पोत घालून आणावं लागलं.

शिवण तिला कुणी शिकवली नाही. तिने बळीरामचा एक जुना सदरा घेतला, त्याची शिवण न् शिवण उसवली, तुकडे जमिनीवर पसरले आणि त्यांच्यावर नवं कापड ठेवून कापलं. पहिल्या सदऱ्याची एक बाही उलटी लागली. तो घालून बळीराम हात वर करायला गेला की अख्खा सदरा वर यायचा. पण वर्षभरात तिचा हात बसला. ती पैसे घेत नसे, घ्यायची गरजही नव्हती. तिला त्याची हौसच होती. खांद्यावर चपखल बसलेला ब्लाऊज पाहिला की तिचा दिवस चांगला जायचा.

खोक पडली ती दुसऱ्या वर्षी. बळीराम पिऊन आला, भात झाला नव्हता, आणि वेणू मुंढ्याला बाही जोडत बसली होती. त्याने मशीनला हात घातला आणि ते दारातल्या दगडावर उलथवलं. मग वेणूचे केस धरले आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. एकदा आपटलं, पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा आपटायच्या आत वेणूने हातातली कात्री त्याच्या दंडात घातली. कापड कापायची कात्री होती ती, चांगली वजनदार. रक्त अंगणापर्यंत गेलं. डॉक्टरने टाके घातले तेव्हा वेणू कपाळाला फडकं बांधून शेजारीच उभी होती, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "ह्याच्यापेक्षा सरळ मी घातले असते." त्या दिवसानंतर बळीरामने तिच्यावर हात उगारला नाही.

यातून वेणूने एक समजूत करून घेतली. मशीन आणि कात्री घरात असली की बाईला कुणी हात लावत नाही, अशी ती समजूत. माणसाला एकदा काही लागू पडलं की ते साऱ्या जगाला लागू पडेल असं वाटतं, त्यातलाच हा प्रकार.

शकू ही बळीरामची धाकटी बहीण, ती त्याला दादूस म्हणायची. वेणू लग्न होऊन आली तेव्हा शकू अजून रांगत होती. वेणूनेच तिला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं. तिचं लग्न उरणच्या मोरा बंदराजवळच्या गोरखशी ठरलं. तो ट्रक चालवायचा, घरचं बरं होतं. आहेराला भांडी नकोत, मशीन द्या, असं वेणूने घरात ठणकावलं. शकूला शिवणकामाची फारशी आवड नव्हती, पण वहिनीपुढे बोलणार कोण? नवं कोरं मशीन मांडवात मांडलं गेलं, बाजूला कात्री ठेवली. मशीनचा पट्टा वेणूने स्वतः चढवला.

पट्टा म्हणजे खालच्या मोठ्या चाकावरून वरच्या लहान चाकावर जाणारी चामड्याची गोल दोरी, करंगळीपेक्षा बारीक. तिची दोन टोकं तारेच्या क्लिपने जोडतात. वेणू पकडीने क्लिप दाबायची तेव्हा तारेचं एक टोक नेहमी जरासं वर राहायचं. मशीनचं त्याने काही बिघडत नसे, बोटाला मात्र ओरखडा यायचा. बळीराम म्हणायचा, ठोकून बसव की. ती म्हणायची, राहू दे, माझी खूण हाय ती.

लग्नानंतर शकूचं येणं कमी झालं. गोरखचा ट्रक, सासूचं दुखणं, काही ना काही कारण निघायचं. पण उरणकडचं कुणी पनवेलच्या बाजाराला निघालं की त्याच्या हातून शकूकडून पिशवी यायची. तिच्यात कापड आणि एक जुना मापाचा ब्लाऊज असायचा. आपल्याकडे तशीच रीत आहे, टेलर पुरुष असतो, बाई अंगाला टेप लावून घेत नाही, मापाचा ब्लाऊज पाठवून देते. निरोप ठरलेला असायचा. बाही मनगटापर्यंत ठेव, मागचा गळा बंद ठेव. वेणूला वाटलं, पोरगी नटायला शिकली. शेजारणींत तिने मिरवलंही, आमच्या शकूची फॅशन बघा म्हणून. एकदा तर तिने मनगटाला लेस लावून दिली. तीन वर्षं ती त्या एकाच मापावर शिवत राहिली, आणि त्या तीन वर्षांत शकूच्या अंगाला तिचा हात लागला नाही.

मग दीपेशचं लग्न ठरलं. दीपेश वेणूचा थोरला. हळदीला घरच्या सगळ्या बायकांनी एका ताग्यातले ब्लाऊज घालायचे असं ठरलं, आणि वेणूने पनवेलहून पिवळ्या कापडाचा अख्खा तागा उचलला. सगळ्यांना एकच बेत: आखूड बाही, मागे खोल गळा. शकू चार दिवस आधी आली. तिचा ब्लाऊज वेणूने तिच्या नेहमीच्या मापावर शिवून ठेवलाच होता, फक्त बाही आणि गळा बाकीच्यांसारखा.

शकूने तो लुगड्याच्या वरून छातीला लावून पाहिला. अंगापेक्षा चांगला रुंद होता, खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. वेणू हसली. "काय गो, उपास करतंस का सासरी? काढ तो अंगातला, नीट माप घेऊ दे."

"नको वयनी. वरूनच दोन टाके घाल."

"वरून टाके घालतात? काढ बोलते ना!" वेणूने दार लोटून घेतलं आणि चेष्टेतच तिच्या ब्लाऊजचे पाठीवरचे हूक ओढले.

पाठ उघडी पडली आणि वेणूच्या हातातली टेप खाली गळून पडली. मानेपासून कंबरेपर्यंत वळ उठले होते. जुने काळे पडलेले, त्यांच्यावर नवे लाल, काही फुटून खपली धरलेले. दंडांवरही तसेच. बोटाएवढी जागा साफ नव्हती. वेणूने एका वळावरून बोट फिरवलं. वळ बारीक होता, दोरीसारखा, आणि त्याच्या टोकाला कातडं फाटून एक ठिपका झाला होता. तिने दुसरा पाहिला. त्यालाही ठिपका होता. तिसऱ्यालाही. तो ठिपका तिच्या बोटाला ओळखीचा होता.

"शकू, पट्टा हाय ना ह्यो? मशीनचा?"

शकूने मान हलवली. "तूच दिलेल्या मशीनचा. तो काढतो चाकावरून, आन काम झालं की परत चढवून ठेवतो."

लेस लावलेली ती बाही वेणूला आठवली. आपणच ही पाठ तीन वर्षं झाकत होतो, मापात, नीटनेटकी, वर हौसेने. तिने स्वतःच्याच थोबाडीत मारली, दोनदा. शकूने तिचा हात धरला.

"सांगितलं का नाय गो मना?"

"दादूसला म्हायती हाय. दोनदा पलून आलते मी पळस्प्यापर्यंत. दोन्ही येलेस दादूस भेटला, एसटीत बसवून परत धाडली. म्हनला, तुज्या वयनीला कळता कामा नये, ती रक्त सांडील." शकूचा आवाज अगदी सपाट होता. "दीपेशचं लगीन झालं की नवरा मना घेऊन जानार. ह्या खेपेला गेले तर मी वाचत नाय, वयनी. तो बोललाच हाय तसा."

वेणू तिथून थेट मांडवात गेली. बळीराम मंडपवाल्याशी बोलत होता. तिने त्याला बाजूला ओढलं आणि शकूला परत धाडायचं नाही असं सांगितलं. तो चिडला. "पोराच्या लग्नात तमाशा करतंस? जावय हाय तो आपला. नवरा-बायकोचं हाय, त्यांचं ते बघतील."

वेणूने त्याच्या सदऱ्याची बाही वर सारली आणि दंडावरच्या जुन्या व्रणावर बोट ठेवलं. "मंग ह्यो काय हाय? आपलं पन नवरा-बायकोचंच व्हतं ना?"

बळीरामने बाही खाली ओढली आणि तोंड फिरवलं. शकूला परत पाठवायचं असं त्याचं ठरलेलं होतं.

वेणू खोलीत परत आली. तिने टेप उचलली, शकूच्या अंगावर नीट माप घेतलं, ब्लाऊज उसवला. कापड शिल्लक होतं. "बाही लांब करू?" तिने विचारलं. "तू सांगशील तशी करते. कोनाचं ऐकू नको, माजं पन नको."

शकूने आपल्या दंडावर, खांद्याच्या जरा खाली बोट ठेवलं. "सगल्यांची हाय तितकीच. पाठ पन सगल्यांसारखीच."

हळदीच्या संध्याकाळी बेंजो वाजत होता, मागे मोठ्या टोपांत मटण शिजत होतं, आणि त्याच्याही मागे पुरुषांची बाटली फिरत होती. गोरख तिथेच होता, जावई म्हणून खुर्चीवर बसवलेला. शकू पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन आली, तोपर्यंत कुणाला काही दिसलं नाही. लग्नगीतं गाणाऱ्या धवलारणीने धवला धरला, आणि पहिली हळद लावायला आत्याला बोलावलं. शकू पुढे झाली. पाटावर बसलेल्या दीपेशसमोर उभी राहिली, मांडवाकडे पाठ केली, आणि पदर काढून कमरेला खोचला.

धवलारीण गाता गाता थांबली. तिच्यामागच्या बायका थांबल्या. बेंजोवाल्यांना कळायला जरा वेळ लागला, मग तेही थांबले. दीपेश पाटावरून अर्धवट उठला आणि म्हणाला, "आत्या, हे काय?"

गोरख खुर्ची पाडून आला. "अंग झाक गो रांडे," तो ओरडला आणि त्याने मागून तिचा अंबाडा धरला. कानाखाली एक लगावली, तिच्या हातातलं हळदीचं ताट उडालं. केसांना धरून त्याने तिला मांडवाच्या खांबावर आदळलं, एकदा आणि पुन्हा एकदा. पुरुष उभे होते. जावयाला हात कसा लावायचा, याचा विचार करत उभे होते. असल्या विचाराला जोड्याने मारावं.

वेणूने विचार केला नाही. हळद वाटलेला वरवंटा पाट्यावरच पडला होता. तो तिने उचलला आणि गोरखच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. केस सुटले. गोरखने वेणूच्या पोटात लाथ घातली, ती चुलाण्याजवळ जाऊन पडली. तेव्हा कुठे बळीराम हलला. त्याने गोरखची कॉलर धरली आणि मूठ उगारली.

"मार!" गोरख तोंडातला फेस उडवत म्हणाला. "दोनदा तूच परत धाडलीस ना तिला? तवा पाठ नाय दिसली तुला?"

सगळ्या गावासमोर म्हणाला तो हे. बळीरामची मूठ तशीच वर राहिली. मग कॉलर सुटली, आणि तो मांडवात, हळद सांडली होती तिथेच, खाली बसला.

गोरख हसला. ती त्याची चूक झाली. बायका पुढे आल्या. काकी आली, मावशी आली, चुलतजावा आल्या, सगळ्या एका ताग्यातल्या. कुणाच्या हातात पळी होती, कुणाच्या लाटणं, कुणाच्या पायातली चप्पल. त्या आखूड पिवळ्या बाह्यांतून हात वर गेले, आणि मांडवाच्या दिव्यांत त्यातल्या दोघी-तिघींच्या दंडांवर काय होतं तेही दिसलं. त्यांनीच सगळ्यात जोराने मारलं. गोरखचे पुढचे दात तिथेच राहिले. ओरडायचा थांबला तेव्हा पुरुषांनी त्याला उचललं आणि मंडपवाल्याच्या टेम्पोत टाकलं.

शकूने त्याला हात लावला नाही. कपाळावरून रक्त वाहत होतं, ते तिने मनगटाने पुसलं, ताटात उरलेली हळद गोळा केली आणि दीपेशच्या दोन्ही गालांना लावली. "बस नीट," ती त्याला म्हणाली. "हल्लास तर डोल्यात जाईल."

शकू परत गेली नाही. गोरख दोनदा माणसं घेऊन आला, दोन्ही वेळा बळीराम हायवेवरच कोयता घेऊन उभा राहिला. वेणू त्याच्याशी बोलत नसे, भात वाढत असे, एवढंच. पण एक गोष्ट वेणूच्या ध्यानात आली. ती मशीनवर बसली की शकू उठून बाहेर जायची, कितीही ऊन असलं तरी. मग वेणूने स्वतःच कान देऊन ऐकलं. पट्टा फिरताना क्लिपचं वर राहिलेलं ते टोक दर फेऱ्याला चाकाला लागायचं, टक, टक, टक.

तिने पट्टा उतरवला. कात्रीने त्याचे बारीक तुकडे केले आणि चुलीत घातले. घरभर चामडं जळाल्याचा वास सुटला. दुसऱ्या दिवशी तिने पनवेलहून हाताने फिरवायचं हँडल आणलं आणि चाकाला बसवलं. एका हाताने हँडल, दुसऱ्याने कापड, कामाला दुप्पट वेळ लागायचा. बायका म्हणायच्या, एवढं पायाचं मशीन असून हे काय? वेणू हँडल फिरवत राहायची. पुढे पुढे शकू तिच्याजवळ बसून काजं करायला लागली.

मापाचा ब्लाऊज मात्र वेणूने त्यानंतर कुणाचाही घेतला नाही. बाईने स्वतः यायचं, दार लावायचं आणि टेप लावून घ्यायची. त्यावरून लोक तिला चक्रम म्हणत.

एकदा शेजारच्या कोळखे गावाहून एक पोरगा पिशवी घेऊन आला. त्याच्या भावाची नवी बायको, प्राची, हिचं कापड होतं आत, आणि मापाचा ब्लाऊज. "वयनीनं सांगितलंय, बाही लांब ठेवा, मनगटापर्यंत," पोरगा म्हणाला.

वेणूने पिशवी बंद केली. शकूकडे बघितलं. शकूने हातातली सुई कापडात खोचली आणि उठून कात्री वेणूच्या हातात दिली. वेणूने टेप गळ्यात टाकली, पायात चपला सरकवल्या.

"चल," ती पोराला म्हणाली, "घर दाव."