मार्गशीर्षातली कोळंबी आणि एकेरी डेलिया

भाईंदर पूर्वेला, खारी गावाला खेटून उभ्या असलेल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर मी राहते. जगात जे जे म्हणून किळसवाणं आहे ते वरून पडतं, असं माझं मत आहे आणि ते मी पुराव्यानिशी सिद्ध करू शकते. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीमागे मातीची एक चिंचोळी पट्टी आहे. तिला मी बाग म्हणते, सोसायटी तिला मागची बाजू म्हणते आणि वरचे मजले तिला काहीच म्हणत नाहीत, नुसतं वापरतात. विंचरून काढलेल्या केसांचे गुंडाळे, पायाची नखं, चोखून फेकलेल्या आंब्याच्या कोयी, एकदा तर अख्खी कवळी. ती कवळी घ्यायला कोणी आलं नाही, कारण येणं म्हणजे कबुली देणं. दोन दिवस ती माझ्या कढीपत्त्याखाली हसत पडली होती.

ह्या पट्टीत मी डेलिया लावते. एकेरी.

सोसायटीतल्या बायकांना हे कळत नाही. डेलिया म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे ते ताटाएवढं, शंभर पाकळ्यांचं, फुगलेलं फूल येतं. मला त्याची शिसारी येते. लग्नात तीन शालू एकावर एक नेसून आलेल्या बाईसारखं ते दिसतं, आणि मान धरायला त्याला काठी लागते. माझ्या मामीचं म्हणणं त्याहून सरळ होतं. "त्या फुलाला तोंडच न्हाय," ती म्हणायची. "मधमाशीनं बसाचं कुठं?" एकेरी डेलियाला तोंड असतं. आठ पाकळ्या, मध्ये पिवळी टिकली, बस. सकाळी मधमाश्या त्या टिकलीवर अशा लोळतात की बघणाऱ्याला लाजल्यासारखं व्हावं. आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे हे फूल कोणी चोरत नाही. देवाला भरगच्च फूल लागतं म्हणे.

मामी घोडबंदरची. तिच्या परसात गर्द तांबडा, जवळजवळ काळपट असा एकेरी डेलिया होता. तो तिने कुठून आणला हे तिलाही आठवत नाही. त्या परसाच्या जागी आता इमारतीचं पार्किंग आहे. घर पाडायच्या आधी मामीने कंद उकरले, जुन्या साडीत बांधले आणि माझ्या हवाली केले. "ह्यांना मराला देऊ नको," एवढंच म्हणाली. त्यानंतर दर हिवाळ्यात फोनवर तिचा एकच प्रश्न असतो: "फुलला का गो?"

तर यंदा त्या कंदांपैकी एकच झाड उरलं होतं. बाकीचे सडले. का सडले ते ऐका, आणि जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

दुसऱ्या मजल्यावर, बरोब्बर माझ्या पट्टीच्या डोक्यावर, एक वहिनी राहतात. मूळच्या रायगडकडच्या, स्वभावाने देवभोळ्या. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, पायाखाली येऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. तो माझाही आहे. पण खाडीपर्यंत जायचं कोणी? मग त्यांच्या दृष्टीने आसपासची सगळ्यात पवित्र जागा कुठली? जिथे फुलं लागतात ती. रोज सकाळी थप्प असा आवाज व्हायचा आणि माझ्या डेलियावर कालचा देव पडायचा. कुजका झेंडू, बुरशी धरलेला नारळाचा तुकडा, हळदकुंकवात भिजलेले तांदूळ, पंचामृताचं आंबलेलं पाणी. त्यावर मुंग्या, मुंग्यांमागून गोगलगाई. गोगलगाईवर अनवाणी पाय पडल्यावर जो आवाज होतो आणि जो बुळबुळीतपणा बोटांच्या बेचक्यातून वर येतो, त्याचं वर्णन मी करणार नाही. केलंच आहे म्हणा. डेलियाच्या कंदाला ओल अजिबात सोसत नाही. एकेक कंद दाबून पाहिला तर आतून दही.

मी वर जाऊन बोलले. अगदी गोड.

"वहिनी, ते निर्माल्य जरा…"

"अगं, मुद्दाम तुझ्याकडेच टाकते! बाकी सगळीकडे लोक थुंकतात. तुझ्या फुलांना देवाचं तीर्थ मिळतं की नाही?"

तीर्थ नको म्हटलं तर मी नास्तिक. मी त्यांनी दिलेला लाडू खाऊन खाली आले.

आणि मग मार्गशीर्ष लागला. मार्गशीर्ष म्हणजे दर गुरुवारी घट मांडायचा, शुक्रवारी सकाळी तो उतरवायचा. म्हणजे आठवड्यातून एकदा कलशभर पाणी, पाच झाडांच्या डहाळ्या आणि ओंजळभर तांदूळ एकदम माझ्या शेवटच्या झाडाच्या बुंध्यात. झाडाला नुकती कळी धरू लागलेली. पहिला शुक्रवार त्याने कसाबसा सोसला. दुसऱ्या शुक्रवारनंतर खालची पानं पिवळी पडली आणि माझ्या डोक्यात सैतान जागा झाला.

वरच्या वहिनी एरवी माशाशिवाय जेवत नाहीत. पण मार्गशीर्षात त्यांच्या घरात मासळीचं नावही निघत नाही. आणि मामी तिच्या डेलियाला काय घालायची? कोळंबीची डोकी. "पुर खाली, मंग बघ." एका दगडात दोन पक्षी. झाडाला खत, आणि मच्छीवर देवाचं निर्माल्य टाकायची वहिनींची छाती होणार नाही!

मी खारीतल्या बाजारात जाऊन कोळणीकडून पिशवीभर डोकी आणि सालं आणली. "काय करतंस त्याचा?" तिने विचारलं. "पूजा," मी म्हटलं.

मामी खड्डा हातभर खोल करायची. मी वीतभर केला. खोल पुरलं तर वास वर कसा येणार? ह्याला मी डोकं चालवणं म्हणते.

वास आला. देवा, काय तो वास! पहिल्या दिवशी नुसता बाजार. दुसऱ्या दिवशी ऊन लागलं आणि त्याला अंग फुटलं. हिरव्या माश्या इतक्या, की माती हलल्यासारखी वाटे. पुढे माती खरोखरच हलू लागली, आणि ती का हलते हे मी काडीने पाहिलं, ते पाहायला नको होतं. माझा नवरा नाकाला रुमाल बांधून चहा प्यायचा, म्हणजे रुमाल वर करून घोट, रुमाल खाली. माझ्या वेण्यांतून, उशीतून, पोळीतून मेलेली कोळंबी येत होती. पण वरून काही पडत नव्हतं! मी खिडकीत उभी राहून ओकारी आवरत विजयाने हसत होते.

जिन्यात वहिनींचे यजमान भेटले. ते जरा आडोशाला आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, कोळंबी करताय का हो? खिचडी की कालवण?"

"कुजवतेय," मी म्हटलं.

"तरी काय झालं," ते उसासून म्हणाले. "आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ दुधी चाललाय."

एक गोष्ट मात्र मी धरली नव्हती. मामीच्या परसात कुत्रा होता. आमच्या सोसायटीत बोके आहेत.

गुरुवारी दुपारी बाहेर गुरगुर ऐकू आली. पाहते तर तीन बोके पट्टीत उतरलेले, पुढच्या पायांनी माती उडवतायत, आणि माझं झाड मधोमध आडवं. मी किंचाळत धावले, वाकले, झाडावर हात ठेवला, आणि वरून आवाज आला, "हाड! हाड रे मेल्यांनो!" पाठोपाठ बादलीभर पाणी. लादी पुसलेलं. बोके कोरडेच्या कोरडे पळाले. माझ्या डोक्यावर पाणी, पाण्यात फिनेल, फिनेलमध्ये वरच्या घरातला आठवड्याचा केर, पायाखाली कोळंबी. माझ्या ओठाला चिकटलेलं काहीतरी मी काढलं. ते काय होतं हे मी आजतागायत स्वतःला ठरवू दिलेलं नाही.

वहिनी जिना उतरून धावत आल्या. "अगं बाई, तू होतीस? मी बोक्यांना… झाड वाचावं म्हणून गं!"

"वाचलं बघा," मी म्हटलं. कंद चावून फोडलेला, देठाच्या बुडातून निखळलेला. डोळा गेलेला कंद म्हणजे लाकूड, त्याला पुन्हा कोंब येत नाही. मी त्या चिखलात बसकण मारली आणि मला रडू आलं. खरं रडू, नाटकी नव्हे. मामीच्या परसातलं शेवटचं काही होतं ते, आणि मी वहिनींना हे कधी सांगितलंच नव्हतं. ते त्या चिखलात सांगितलं.

वहिनींच्या अंगावर सोवळ्यातली साडी, कपाळाला ओलं कुंकू, वर घट मांडलेला. मग त्यांनी पदर खोचला, माझ्यासमोर बसल्या आणि दोन्ही हात मनगटापर्यंत त्या बुजबुजाटात घातले.

"वहिनी, आज गुरुवार!"

"गप गं. आंघोळीला पाणी आहे घरात. शेंडा कुठे गेला ह्याचा? शेंडा जगतो. आमच्याकडे शेवंती अशीच लावतात."

त्यांनी चाचपून शेंडा बाहेर काढला. चार पानं, चिखलाने माखलेली, पण ताठ. मी कळी खुडून टाकली, पेराखाली तिरका काप दिला. "माझ्याकडे ठेवते," वहिनी म्हणाल्या, "वर बोके नाहीत, गोगलगाई नाहीत." "आणि वरून काही पडतही नाही," मी म्हटलं. त्या मान खाली घालून हसल्या. ओल्या रेतीच्या पेल्यात खोचलेला तो शेंडा त्यांच्या खिडकीत, तुळशीशेजारी, जाऊन बसला.

तो जगला. कुंडीत गेला, वाढला, आणि शिमग्याच्या तोंडावर त्याला एक फूल आलं. आठ पाकळ्या, काळपट तांबडा, पिवळी टिकली. ज्या बाईने माझे बाकीचे सगळे कंद सडवले तिचे मला आता आभार मानावे लागतात, ह्यासारखी दुसरी किळसवाणी गोष्ट नाही.

मामीला रिक्षाने आणलं. मोतीबिंदूमुळे तिला आता रंग नीट दिसत नाहीत. वहिनींनी कुंडी तिच्या मांडीवर ठेवली. मामीने बोटांनी पाकळ्या चाचपल्या, टिकलीवर अंगठा फिरवला, मग वाकून कुंडीला नाक लावलं. डेलियाला वास नसतो, हे मी सांगणार तेवढ्यात मामीचा सगळा चेहरा सुरकुत्यांनी भरून हसला.

"हां. ह्यो माझाच."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या छताकडे बघत होत्या.

"मार्गशीर्ष संपल्यावर घातली हो थोडी सालं," त्या पुटपुटल्या. "खोल पुरलीत."

मी वाकून वास घेतला आणि नाक दाबून गॅलरीकडे पळाले. मामी मात्र ती कुंडी सोडायला तयार नव्हती.