चर्चखालचा उतार आणि आमचा एल्डन

माझा धाकटा भाऊ एल्डन स्टॅम्पर अडुसष्ट वर्षांचा आहे, आणि त्याला ओळखत नाही असा माणूस शोधायचा तर आमचं खोरं सोडून पार ओहायोपर्यंत जावं लागेल. ही कीर्ती काही विद्वत्तेची नव्हे. ती चर्चखालच्या उताराची. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला तो उतार दिसतो, त्यावरचे गवताचे फिकट-गडद पट्टे दिसतात, आणि ते पट्टे गेली बावीस वर्षं एल्डन काढतोय. मजुरी घेत नाही. कौतुक मात्र रोख लागतं.

गवत कापायचं त्याचं यंत्र उभं राहून चालवायचं. मागे एक छोटी फळी असते, तिच्यावर उभं राहून पुढचे दांडे धरायचे. याचं मोठं सुख असं, की यंत्र घसरायला लागलं तर मागे पाऊल टाकून सरळ उतरता येतं. दांडे सुटले की पाती थांबतात. हे मला कसं ठाऊक? एल्डननंच चर्चमधल्या निम्म्या पुरुषांना शिकवलंय. आधी उतार पायी चालून बघ. दगड उचल. तुझा बूट घसरला तर चाकही घसरणार. वळताना घाई नको. उताराच्या तळाशी ओढा आहे, त्याच्या कडेचा पट्टा सोडून दे. गवत ओलं असेल तर घरी जाऊन कॉफी पी. आणि घसरलंच, तर उतर.

हा शेवटचा नियम फक्त दुसऱ्यांसाठी. "बावीस वर्षांत चालत्या यंत्रावरून पाय खाली टेकला नाही," असं तो कुणाच्या मयतीला जमलो असलो तरी ऐकवतो.

मागच्या पानगळीत यंत्र घसरत घसरत थेट ओढ्याच्या काठाशी गेलं. हा आपला दांडे धरून उभा! हातभर अंतर राहिलं तेव्हा कुठे ते थांबलं. त्या संध्याकाळी माझ्याकडे बीन्स आणि कॉर्नब्रेड खाताना त्यानं ती गोष्ट तीनदा सांगितली, आणि दर वेळी ओढा आणखी खोल होत गेला.

"अरे पण उतरला का नाहीस?" मी ओरडले.

"यंत्र सोडून पळू का?"

"तू काय आई आहेस त्याची?"

त्याच्यावर ओरडायची मला सवयच आहे. आमची आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी दहाची. तेव्हापासून ओरडतेय. तो ऐकतो असं मात्र कुणी म्हणू नये.

म्हणून मे महिन्यात, चर्चच्या बुधवारच्या सभेत, मी उभी राहिले आणि ठराव मांडला, की उतारावर जमिनीलगत पसरणारी झुडपं लावावीत आणि गवत कापणं कायमचं बंद करावं. एल्डनच्या तोंडाकडे बघवेना. बायको गेली, मुलगी टेक्सासला. त्या उताराशिवाय त्याच्यापाशी उरलंय काय? मला फार वाईट वाटलं. पण पट्टे नसले तरी चालतील, भाऊ जिवंत हवा होता.

आमचे डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, व्हर्नन कॉम्ब्स निर्णय टाळण्यात मोठे वाकबगार. ते म्हणाले, "भगिनी ओनेटा, बंधू एल्डन, शनिवारी सगळे तिथेच जमू. बंधू गवत कापतील, आपण बघू, आणि मग हात वर करू." बाहेरगावी गेलेली जुनी कुटुंबं रविवारी चर्चला येणार होती, झाडाखाली जेवण होतं, त्यामुळे शनिवारी गवत कापणं भागच होतं.

शनिवारी सकाळी अठरा माणसं घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन उताराच्या माथ्यावर बसली, जणू सामनाच बघायला आली होती. पहाटे पाऊस शिंतडून गेला होता. एल्डन उतार चालला. मधेच त्याचा बूट सर्रकन घसरला. मी पाहिलं, त्यानंही पाहिलं.

"ओलं आहे रे! दुपारी काप!" मी ओरडले.

"वाळलंय!"

"तुझं डोकं वाळलंय!"

माणसं हसली. व्हर्नननी मला गप्प करायला हॅम भरलेला मऊ बिस्किट-पाव पुढे केला.

खोटं कशाला बोलू, पहिले तीन पट्टे सुरेख निघाले. कौतुकाचे आवाज उठले तसा एल्डनच्या अंगात जोर आला आणि चौथा पट्टा त्यानं कडेचा घेतला, जो सोडून द्यायला तो जगाला शिकवतो. खालचं चाक घसरलं. यंत्र आडवं ओढ्याकडे निघालं. खुर्च्या मागे पडल्या, सगळे उठले. मीही उठले, तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना.

एल्डननं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग दांडे सोडले, चढाच्या बाजूला मागे पाऊल टाकलं आणि गवतात धपकन बसला. यंत्र एकटंच खाली गेलं आणि नाकावर ओढ्यात पडलं.

व्हर्नन खाकरले. "तर मग... ठराव मताला टाकू या?"

"मी ठराव मागे घेते," मी म्हणाले.

"मागे? ओनेटाबाई, यंत्र ओढ्यात पडलंय!"

"यंत्र पडलंय. तो उतरला."

तोवर एल्डन धापा टाकत वर आला होता. विजार मागून हिरवीगार. त्यानं हळूच विचारलं, "म्हणजे उतार माझ्याकडेच?"

"तुझ्याकडेच. पण ओलं असताना नाही, आणि कडेचा पट्टा नाही."

"बरं."

वाद नाही, काही नाही. मी चक्रावले. "का उतरलास रे?"

"तू ओरडली नाहीस," तो म्हणाला. "वर पाहिलं तर तू नुसतीच उभी. म्हटलं, आता खरंच मरतो मी."

मग मी त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली आणि रडले. त्यानं मला रडू दिलं.