सुकतळ्यावरची घार

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत इकेदी न्वाओगूने हजारो बूट शिवले, पण त्यातल्या एकावरही त्याचं नाव नव्हतं. नायजेरियातल्या आबा शहराच्या बूटबाजारात यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घाऊक व्यापारी चामड्याचा रंग सांगे, सोबत लेबलांचं पुडकं देई. कधी इटलीची लेबलं असत, कधी इंग्लंडची. कारागिराने बूट शिवायचा, सुकतळ्यावर ते लेबल चिकटवायचं आणि पुढचा जोड हातात घ्यायचा. तो बूट लागोसच्या दुकानात परदेशी म्हणून मिरवे. आबात बनलाय म्हटलं असतं, तर गिऱ्हाइकाने हातातला बूट खाली ठेवला असता.

मेव्हण्याच्या लग्नात मात्र एक गोष्ट घडली. मांडवात शेजारी बसलेल्या एका बँकवाल्या पाहुण्याने पाय पुढे करून इकेदीला आपले बूट दाखवले. "बघ, ही शिवण बघ. खास बाहेरून आणलेत. आपल्या लोकांना असलं काम सात जन्मांत जमायचं नाही."

इकेदीने शिवण बघितली. ती त्याचीच होती. टाचेपाशी दोरा वळवायची त्याची एक रीत होती, ती त्याने हजारदा बघितली असेल. तो "हो ना" म्हणाला आणि उठून हात धुवायला गेला. त्याचं पुढचं जेवण तसंच राहिलं.

"मग सांगायचंस ना त्याला," परतीच्या बसमध्ये त्याची बायको अडाकू म्हणाली.

"काय सांगू? लेबल खोटं आहे म्हणून? लेबल मीच चिकटवलंय."

त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. महिन्याभराने त्याने स्वतःचं लेबल छापून घेतलं. खाटीकखान्यावर दिवसभर घारी घिरट्या घालत, त्या त्याच्या कारखान्याच्या दारातून दिसत. पंख पसरलेली घार आणि खाली नाव, एग्बे. इग्बो भाषेत एग्बे म्हणजे घार; आवाज जरा वेगळा लावला, तर बंदूक. छापखानेवाला हसून म्हणाला, "बूट विकतोयस की दरोडा घालतोयस?"

"म्हणून तर चित्र टाकतोय," इकेदी म्हणाला.

आधी निम्मा माल घारीचा आणि निम्मा परदेशी लेबलांचा, असं चाललं. घारीला आधी कुणी विचारेना. मग एका शाळेच्या मुख्याध्यापकाने जोड नेला, तो वर्षभर टिकला, आणि त्याचे सगळे मास्तर आले. मग पोलीस आले, चर्चमधले गाणारे आले. दोन वर्षांत लोक दुकानात शिरून थेट "एग्बे आहे का?" असं विचारू लागले. अनोळखी तोंडातून ते नाव ऐकलं की इकेदी हातातलं काम ठेवून दाराशी येई.

आणि एका सोमवारी एक नर्स भडकून आली. तिने बुटाचा जोड टेबलावर आपटला. सोल अख्खा सुटून मगरीच्या जबड्यासारखा उघडला होता. "तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले फक्त. वॉर्डात पेशंट हसतात मला."

इकेदीने बूट उलटा केला. चिकटवायचं सोल्यूशन हलकं होतं, नुसतं लावल्यासारखं केलेलं. सुकतळ्यावर घार होती, पण चोच बोथट होती. हे लेबल त्याचं नव्हतं. वरची शिवण मात्र सुरेख होती, टाचेपाशी दोरा वळवलेला. क्षणभर त्याला वाटलं, हा आपणच शिवलाय की काय. मग उमगलं. ही रीत जगात दोघांनाच येत होती. त्याला आणि मदुकाला. दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली, एकाच बाकावर सहा वर्षं शिकले होते.

नर्सला त्याने नवा जोड दिला. संध्याकाळी अडाकूला म्हणाला, "मदुकाचा हात आहे."

"खात्री आहे?"

"माझ्याच हाताइतकी."

मदुका त्यांच्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याला उभा राहिलेला धर्मपिता होता.

आता इकेदीला वेडच लागलं. तो बसमध्ये लोकांच्या चेहऱ्यांऐवजी पायांकडे बघू लागला. चर्चमध्ये प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले की हा बाकाखाली वाकून बूट तपासायचा. मामाच्या मयताला गेला, तिथेही खांदा देणाऱ्यांच्या पायांत त्याला दोन खऱ्या आणि एक खोटी घार दिसली. अडाकूने कोपराने ढोसलं तेव्हा तो भानावर आला.

खोटा माल कुठून निघतो हे शोधायला आठवडाही लागला नाही. अनोझिए नावाचा घाऊक व्यापारी, इकेदीचं वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. त्याच्या गोदामाच्या दारातच खोकी रचलेली होती आणि प्रत्येक खोक्यावर घार होती. अनोझिए भाजलेला याम कंद लाल पामतेलात बुडवून खात बसला होता. त्याने लपवालपवीही केली नाही.

"ये, बस. खाणार?"

"हे नाव माझं आहे, ओगा," इकेदी म्हणाला. मालकाला तिथे ओगा म्हणत.

"असं?" अनोझिएने बोटं पुसली. "कागद दाखव."

"कसला कागद? सगळ्या बाजाराला माहीत आहे."

"सगळ्या बाजाराला हेही माहीत आहे, की वीस वर्षं तू इटलीवाल्यांचं नाव चिकटवलंस. त्यांनी कधी येऊन म्हटलं का तुला, इकेदी, हे नाव आमचं आहे? तेव्हा तुझी झोप उडाली नाही. आता पक्षी उडाला म्हणून उडाली?"

रस्त्यावर आल्यावर इकेदीला दहा उत्तरं सुचली, पण त्यातलं एकही त्याला स्वतःलाच पटेना.

अडाकूच्या बहिणीने एका वकीलबाईचं नाव सांगितलं. बॅरिस्टर उदुआक. उयो शहराची, बारीक अंगाची, बोलताना पेन्सिलने टेबल वाजवणारी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की आधी नाव सरकारदरबारी, ट्रेडमार्क म्हणून नोंदवावं लागेल.

"मग माझं आडनावच नोंदवू या," इकेदी म्हणाला. "न्वाओगू. ते तर कुणी चोरू शकत नाही."

"नुसतं आडनाव सहज नोंदवून देत नाहीत. उद्या दुसरा न्वाओगू आला, तर त्याने आपल्या नावाने धंदा करायचा नाही का? घार चांगली आहे. बुटाचा आणि घारीचा काही संबंध नाही, तेच तिचं बळ. आधी राजधानीत, अबुजाच्या नोंदणी कार्यालयात शोध घ्यायला लावते, कुणी आधीच घेतली नाही ना ते."

तो शोध होईपर्यंतचे दिवस सर्वांत वाईट गेले. अनोझिएनेच अर्ज केला असला तर? चौथ्या दिवशी इकेदी विनाकारण तिच्या ऑफिसात जाऊन बसला. पाचव्या दिवशीही. सहाव्या दिवशी ती म्हणाली, "न्वाओगू, तू इथे बसलास म्हणून अबुजा जवळ येत नाही. नाव मोकळं आहे. कर सही."

अर्ज गेला, पोच आली. काही आठवड्यांनी स्वीकारल्याचं पत्र आलं. इकेदीला वाटलं, संपलं. वकीलबाईने नकारार्थी मान हलवली. आता नाव सरकारी पत्रिकेत छापून येणार, मग दोन महिने कुणालाही हरकत घेता येणार, आणि हरकत आली नाही तरच प्रमाणपत्र.

"म्हणजे चोरालाही विचारणार, तुमची काही हरकत आहे का?"

"सगळ्यांनाच विचारतात. एक लक्षात ठेव. प्रमाणपत्र कधी का मिळेना, हक्क अर्जाच्या तारखेपासून धरतात." मग पेन्सिल थांबली. "आता मला एक सांग. दुसऱ्या कुणाची लेबलं अजून चिकटवतोस?"

इकेदी खिडकीबाहेर बघू लागला.

"अनोझिए कोर्टात हेच पहिलं विचारेल. आणि त्याने नाही विचारलं, तरी मी विचारतेय."

"निम्मा माल तोच आहे, मॅडम. चूल त्याच्यावर पेटते."

"मग ठरव," ती म्हणाली.

ठरवायला त्याला नऊ दिवस लागले. नऊ दिवस तो चिडचिडत राहिला, फर्म्यावर चामडं ताणताना दोनदा फाडलं, जेवणात मीठ नाही म्हणून वाद घातला, आणि मीठ तर होतं. शेवटी माळ्यावरचं लेबलांचं पोतं अडाकूनेच खाली ओढलं. "तू बसून विचार कर," ती म्हणाली, "मी तोवर हे जाळते." ते प्लास्टिक दुपारभर काळा धूर ओकत जळलं. शेजारचे खोकत शिव्या देत राहिले.

पुढचे महिने ओढाताणीत गेले. चारपैकी दोन शिलाई यंत्रं कामाविना पडून राहिली. अडाकू घरासमोर शेंगदाणे भाजून विकू लागली. पत्रिका लवकर निघेना, आणि निघाल्यावर ते दोन महिने संपेनात. हरकत मात्र कुणी घेतली नाही. अनोझिएने सरकारी पत्रिका उभ्या जन्मात वाचली नव्हती.

प्रमाणपत्र आलं तेव्हा इकेदीने ते वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही बघितली, आणि विचारलं, "किती दिवस चालतं?"

"सात वर्षं. मग पुन्हा नूतनीकरण."

"सातच?"

वकीलबाई पहिल्यांदाच हसली. नोटीस घेऊन ती स्वतः त्याच्याबरोबर गोदामात आली. अनोझिएने कागद दोनदा वाचला, पुतण्याला वाचायला लावला, वकिलाला फोन केला, आणि बराच वेळ नुसतं "हं, हं" करत राहिला. मग त्याने लेबलांचे गठ्ठे स्वाधीन केले आणि पुन्हा ते नाव वापरणार नाही असं लिहून सही केली. "कुणाकडून शिवून घेत होतास, तेही लिही," वकीलबाई म्हणाली.

"ते राहू द्या," इकेदी घाईने म्हणाला.

तिने त्याच्याकडे रोखून बघितलं, पण आग्रह धरला नाही.

एवढं झाल्यावर स्वस्थता यायला हवी होती. ती आली नाही. पंधरा दिवस तो मदुकाच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परतत होता. एका शनिवारी सकाळी शेवटी आत शिरला. मदुका रिकाम्या बाकावर बसून आरीला धार लावत होता. जवळ चामड्याचा तुकडाही नव्हता.

"ये, मालक," मदुका म्हणाला.

"मालक नको म्हणूस."

"कागद आहे ना तुझ्याकडे. अनोझिए सांगत होता. माझं काम त्याच कागदाने गेलं."

"सोल का तसे लावलेस? शिवण एवढी चांगली, आणि सोल?"

"सोल त्याच्या माणसाने लावले. मी वरचं शिवून द्यायचो." मदुकाने आरी खाली ठेवली. "लेबलावर तुझी घार आहे हे मला दिसत होतं. घरी मुलांच्या शाळेच्या तीन फिया थकल्या होत्या. तुझ्याकडे यायला पाय उचलेना."

"आता ये. दोन यंत्रं रिकामी आहेत माझी."

बाहेर कुणीतरी जनरेटर ओढून ओढून सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"तुझ्या पक्ष्याखाली शिवू?"

"मग कुणाच्या?"

"आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या नावाखालीच शिवलं, इकेदी. इटली झाली, अनोझिए झाला, आता तू." तो रागाने बोलत नव्हता. "तू नाव लपवलंस माझं, हे कळलं मला. उपकार आहेत. पण तुझ्याकडे नाही यायचो. ती बाई, ती वकीलबाई, माझ्यासारख्यासाठीही करते का अर्ज?"

इकेदी हसायला गेला, पण अर्ध्यावरच थांबला. मदुकाचा हात त्याच्यापेक्षा चांगला होता. उस्ताद असताना तसं म्हणत, आणि ते खरंच होतं. तीच शिवण, तोच दोरा, आणि त्यावर दुसरं नाव. बाजार तर एकच.

"करते," तो म्हणाला.

"नंबर आहे?"

मदुकाने खडू घेतला आणि बाकाच्या फळीवर लिहायला वाकला. इकेदीने फोन काढला. एकेक आकडा वाचत गेला, मदुका पुटपुटत लिहीत गेला. शेवटच्या आकड्यापाशी इकेदी थांबला. मदुकाने मान वर केली नाही, खडू टेकवून नुसता वाट बघत राहिला.

"चार," इकेदी म्हणाला.