केर नावाचं फोल्डर

त्या थंडीत सकाळी गॅलरीतून काही दिसायचंच नाही. समोरची इमारत गायब, रस्ता गायब, दूधवाल्याच्या मोटारसायकलचा नुसता आवाज. अशा वेळी मी शाल गुंडाळून लॅपटॉपपुढे बसायचे आणि काय काय बघायचं नाही याची यादी करायचे. हसू नका, तेच माझं काम होतं.

नाशिकमधली छोटी दुकानं, दवाखाने यांच्यासाठी मी एक सॉफ्टवेअर लिहीत होते. एका कॉम्प्युटरवरचं सगळं उचलून दुसऱ्यावर नेऊन ठेवायचं, बस. पण सगळं म्हणजे अगदी सगळं नाही. लोकांच्या कॉम्प्युटरवर इतका पसारा असतो की विचारू नका. म्हणून वगळायचे नियम लागतात. अमक्या अक्षरांनी संपणारी फाइल सोडून दे. तमक्या नावाचं फोल्डर दिसलं तर आत डोकावूसुद्धा नकोस, दारावरूनच पुढे जा. या दारावरूनच पुढे जाण्याच्या नियमावर मी फार खूश होते. आत बघायचंच नाही म्हटल्यावर काम कसं झटक्यात होतं!

बाहेरच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये असल्या याद्या इंग्रजीत असतात. आपली माणसं फोल्डरला काय नावं देतात हे त्यांना कुठून कळणार? एका फोटो स्टुडिओत मी 'नको ते' नावाचं फोल्डर पाहिलेलं आहे. म्हणून माझ्या यादीत मी आपले शब्द घातले. कचरा, नको, टाकाऊ, भंगार. आणि सगळ्यात शेवटी, कळा जरा जोरातच दाबत, केर.

जोरात, कारण त्या शब्दाशी माझं जुनं भांडण होतं. ते माझं नाव होतं.

आई पेठ तालुक्यातल्या डोंगरात, आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. माझ्याआधीची तिची दोन बाळं महिन्याच्या आतच गेली. मी झाले तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या सुईणीनं मला सुपात घातलं आणि उकिरड्यावर नेऊन ठेवलं. मग लगेच उचलून आणलं आणि ओंजळभर नागलीच्या दाण्यांच्या बदल्यात परत आईला दिलं. "हिला केरच म्हन बाई," ती म्हणाली, "केराकडं कोन बघत नाय." आई शिकलेली, गावाला इंजेक्शनं देणारी. पण तिनं मुकाट्यानं ओंजळ भरली. पुढे शाळेत चारचौघींसारखं नाव लागलं, तरी आई हाक मारायची ती केर. मैत्रिणींसमोर! मी पाय आपटायचे, दारं आपटायचे. सातवीत असताना एकदा तिला गळ्याची शपथच घातली, आणि त्या दिवसापासून ते नाव घरातून गेलं.

म्हणजे मला तसं वाटलं.

निवृत्तीनंतर आई माझ्याकडे राहायला आली आणि दोन वर्षांपूर्वी तिनं लिहायला घेतलं. जेवणं झाली की खिडकीशी बसायची आणि एका बोटानं टाइप करायची. गॅलरीतलं ऊन सरकत सरकत तिच्या पायांवर यायचं, डोळे मिटायचे, पुन्हा उघडायचे, पुन्हा टक टक. आतल्या खोलीत तो आवाज ऐकत मलाही गुंगी यायची आणि आपण दोघी अजून त्या डोंगरातल्या क्वार्टरमध्येच आहोत असं वाटायचं. काय लिहितेस विचारलं तर म्हणायची, "झालं की दाखवीन." त्या दोन बाळांचं लिहितेय, एवढंच एकदा बोलली. जन्मात त्यांच्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नव्हता.

तिचा लॅपटॉप म्हणजे नुसता खटारा, सारखा बंद पडायचा. सगळं लिखाण त्यातच, दुसरीकडे कुठे काही नाही. माझाच जीव खालीवर व्हायचा. म्हणून नवा लॅपटॉप आणला आणि माझ्या सॉफ्टवेअरचा पहिला मान आईला दिला. दहा मिनिटांत हिरव्या अक्षरांत 'काम पूर्ण' असं आलं. काय ऐट माझी! जुना खटारा त्याच दिवशी मेन रोडच्या मागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला देऊन टाकला.

आई सर्दीतापानं पडली होती. चौथ्या दिवशी उठून नव्या लॅपटॉपसमोर बसली.

"माझं लिखाण कुठाय गं?"

"असेल की तिथेच. फोल्डरचं नाव काय?"

ती जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, "केर."

माझ्या यादीतला शेवटचा शब्द. आणि काय केलं मी? तिच्यावरच खेकसले. "असली कसली नावं देतेस गं आई! शब्द सापडला नाही का दुसरा?" चूक सगळी माझी, बोलणी खाल्ली तिनं. ती चष्मा काढून पदरानं पुसत राहिली आणि म्हणाली, "दोघांचं लिहून झालं होतं. परत नाही लिहिता यायचं मला."

मी तशीच चप्पल सरकवून निघाले. धुकं अजून विरलं नव्हतं. स्कूटरपुढे हातभर रस्ता तेवढा उघडत होता, आणि त्या पांढऱ्यात मला भलतंच काही दिसायला लागलं. डोंगरातलं ते गाव, आणि कुणीतरी यादी घेऊन घरोघर फिरतंय. या दाराशी थांबतंय, त्या दाराशी थांबतंय. आमच्या दाराशी आलं, नाव वाचलं आणि आत न डोकावता पुढे गेलं. बाई गं! हा तर माझाच नियम. मी सुपात पडल्या पडल्या तो कुणीतरी लिहून ठेवला होता, आणि मी मात्र जन्मभर त्याच्यावर चिडले. मागून हॉर्न वाजला तेव्हा कळलं, मी रस्त्याच्या मधोमध थांबले होते.

दुरुस्तीवाला दुकान झाडत होता. मी काय मागतेय ते ऐकून त्यानं मान हलवली. "ताई, या आठवड्यात आलेले सगळे खोलले, पुसले पण." मी तिथल्या स्टुलावर बसले आणि चक्क रडायला लागले. तो बिचारा गोंधळला, खाली वाकून टेबलाखाली हात घालून चाचपू लागला. "हा बघा बरं. यावर भंगार लिहिलं होतं मी. म्हणून कोणी हात लावला नसेल."

तोच होता. झाकणाचा कोपरा फुटलेला, आईनं लावलेली टिकली तशीच.

घरी येऊन ते फोल्डर मी स्वतःच्या हातानं नव्या लॅपटॉपवर नेलं, नियमबियम काही नाही. सगळं लिखाण आहे हे आईला उघडून दाखवलं. तिनं पडद्यावरून नुसता हात फिरवला.

"आता तरी नाव बदलू या याचं," मी म्हटलं. "काहीतरी चांगलं ठेव."

"नको."

"अगं, पण का?"

"त्या दोघांची नावं चांगलीच ठेवली होती," आई म्हणाली. "हौसेनं, पुस्तकात शोधून." मग पडद्याकडेच बघत म्हणाली, "तू टिकलीस ना या नावावर?"

आत जाऊन मी यादी उघडली आणि शेवटचा शब्द काढून टाकला. बाहेर ऊन पडलं होतं, समोरची इमारत परत आली होती. खिडकीशी टक टक सुरू झाली, मग थांबली. सातवीपासून जी हाक घरात नव्हती ती तिनं मारली, जरा भीत भीतच.

"ए केर, माझा चष्मा बघ गं कुठं पडलाय."

"ओ," मी म्हटलं. "आले."